गाडीचे टायर बदलायची वेळ झाली का? घरच्या घरी, हात लावून करायची तपासणी

तीन वर्षांपूर्वी गणपतीला गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी हवा चेक करायला गाडी पंपावर नेली. हवा भरणारा मुलगा पुढच्या डाव्या चाकाशी बसला, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि थांबला. म्हणाला, "काका, स्टेअरिंग जरा पूर्ण डावीकडे फिरवा." मी फिरवलं. चाक वळलं तशी टायरची आतली कड चाकाच्या कमानीतून बाहेर आली. बाहेरच्या बाजूने त्याच टायरवर छान नक्षी होती. आतल्या कडेला मात्र बोटभर रुंदीच्या पट्ट्यात रबरच उरलं नव्हतं, आणि त्यातून तांबूस करड्या तारा डोकावत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई, बायको आणि दोन मुलांना घेऊन मी त्याच टायरवर ताम्हिणी घाट उतरणार होतो, तोही भर पावसात. मार्चमध्ये ते चाक एका खड्ड्यात जोरात आपटलं होतं. अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) करून घ्यायची राहून गेली आणि पाच महिन्यांत आतली कड खलास झाली. गाडी रोज पुसत होतो, पण टायरची आतली बाजू एकदाही बघितली नव्हती.

त्या दिवसापासून वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीच्या आधी, मी चारही चाकं आणि स्टेपनी हात लावून तपासतो. अर्धा तास लागतो. तीच तपासणी इथे क्रमाने लिहिली आहे.

आधी एक नेहमीचा प्रश्न. "टायर किती किलोमीटर चालतो?" साधारण ४० ते ५० हजार किलोमीटर असं सगळेच सांगतात आणि सरासरी म्हणून ते ठीक आहे. पण माझा तो टायर २६ हजारांवर संपला होता, आणि आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांच्या गाडीचे टायर १८ हजारांवरच बदलावे लागले, कारण ते नऊ वर्षं जुने होते. मीटरवरचा आकडा बघून टायरचा निर्णय घेऊ नका.

तयारी

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना तपासा. टायर गार असतो, त्यामुळे हवेचा आकडाही खरा मिळतो. जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा. लागतं काय? मोबाइलचा टॉर्च, एक खडू, जुनं फडकं, काड्यापेटीतली एक काडी आणि मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी. खाचेची खोली मोजायचा छोटा गेज ऑटो पार्ट्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत मिळतो. घेतलात तर उत्तमच, पण तो नाही म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

पायरी १: खाचेची खोली मोजा

टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर गोलाकार धावणाऱ्या तीन-चार रुंद खाचा असतात. काडीचं गुलाचं टोक तोडून टाका. काडी खाचेत सरळ उभी धरा, तळाला टेकली की रबराच्या वरच्या पातळीवर नखाने खूण करा आणि तेवढा भाग पट्टीवर मोजा. पट्टीच्या कडेपासून शून्यापर्यंत बऱ्याचदा मिलिमीटर-दोन मिलिमीटर कोरी जागा असते, म्हणून शून्याच्या रेघेपासूनच मोजा. इथे सगळा हिशेब मिलिमीटरचा आहे, तेवढी चूकही महागात पडते.

एकाच जागी मोजून भागत नाही. बाहेरची खाच, मधली खाच आणि आतली खाच, तिन्ही मोजा. मग गाडी अर्धा चाकफेर पुढे घेऊन पुन्हा मोजा. पुढच्या चाकांची आतली बाजू बघायला स्टेअरिंग पूर्ण वळवा. मागच्या चाकांसाठी जमिनीवर फडकं टाकून वाकावं लागतं, टॉर्च मारावा लागतो. हा कंटाळा करू नका, माझा टायर तिथेच संपला होता.

कारचा नवा टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल खाचांचा असतो. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. ही मर्यादा टायरमध्येच ओतलेली असते: रुंद खाचेत बोट फिरवलंत तर ठरावीक अंतरावर रबराचा एक छोटा आडवा उंचवटा लागतो. त्याची उंची १.६ मिलिमीटर. तो कुठे आहे ते सापडावं म्हणून टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी इंग्रजी अक्षरं असतात. आजूबाजूचं रबर झिजून या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. आतल्या, बाहेरच्या किंवा मधल्या, कुठल्याही एका खाचेत पातळी आली तरी संपला.

पण मी १.६ पर्यंत वाट बघत नाही, तुम्हीही बघू नये असं मला मनापासून वाटतं. माझी मर्यादा ३ मिलिमीटर आहे, आणि ती मी मेमध्ये लावतो. कारण पाणी.

कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायरही चांगली पकड देतो. गुळगुळीत झाल्याने रबर रस्त्याला जास्तच टेकतं. म्हणून डिसेंबर ते मे तुम्हाला काहीच जाणवत नाही, ब्रेक व्यवस्थित लागतात, गाडी वळणात चिकटून चालते. मग जूनचा पहिला पाऊस येतो. रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ वर तरंगते आणि टायरला एकाच क्षणी पाणी कापून बाजूला सारावं लागतं. खाचा म्हणजे पाणी निघून जायच्या मोऱ्या. खोली अर्धी झाली की मोरीत मावणारं पाणीही जवळपास अर्धं होतं. न मावलेलं पाणी टायरच्या पुढे पाचरीसारखं साठतं, वेग पुरेसा असेल तर टायरच्या खाली शिरतं आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. त्या क्षणी स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, फिरवलं तरी गाडी सरळच जाते आणि ब्रेकचा काही उपयोग होत नाही. महामार्गावर पाणी तुंबलेल्या सखल पट्ट्यात हे घडतं, आणि भरधाव गाडीत घडलं तर सावरायला वेळच मिळत नाही. तेव्हा पाय हळूच अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा नाही.

म्हणून सहा महिने फसवणूक करणाऱ्या टायरचा निर्णय मेमध्ये घ्या. एप्रिलमध्ये ३ मिलिमीटर खोली असलेला आणि दिवाळीपर्यंत सहज चालेल असा वाटणारा टायर नेमका जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात कमजोर असतो.

पायरी २: तळहात फिरवा

फडक्याने टायर पुसा आणि तळहात आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. तार बाहेर आलेली दिसत असेल तर हात लावू नका, ती सुईसारखी टोचते. झिजेची ठेवण बघून गाडीचा आजार कळतो:

- मधला पट्टा झिजला आणि दोन्ही कडा शाबूत: हवा जास्त भरली जात होती.
- दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत: हवा कमी होती. हे सगळ्यात जास्त आढळतं.
- फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली: अलाइनमेंट बिघडलं आहे, कदाचित सस्पेन्शनचा एखादा बुशही गेला आहे.
- एका दिशेने हात मऊ सरकतो आणि उलट दिशेने करवतीचे दात लागावेत तसं लागतं: पुन्हा अलाइनमेंटच, पण सुरुवात आहे. आत्ता दुरुस्त केलंत तर टायर वाचेल.
- ठरावीक अंतरावर खोलगट वाट्या पडल्या आहेत: शॉकअप थकले आहेत किंवा बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा तोल) गेलं आहे.

यातलं काही आढळलं तर आधी मूळ दोष काढा, मग नवा टायर टाका. उलटं केलंत तर नवा टायरही त्याच वाटेने जाणार.

पायरी ३: टायरची बाजू, टेंगूळ आणि चिरा

आता टायरची उभी बाजू, म्हणजे साइडवॉल. टॉर्च तिरपा धरा, सावलीमुळे फुगवटा लगेच नजरेत भरतो. टायरच्या बाजूवर कुठे टेंगूळ आलेलं दिसलं, अगदी सुपारीएवढं का असेना, तर त्या टायरवर प्रवास करायचा नाही. खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेवर चाक आपटलं की रिम आणि दगड यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. दोरे तुटलेल्या जागी हवेचा सगळा दाब नुसत्या रबरावर येतो, म्हणून ते फुगतं. याला दुरुस्ती नाही, पॅच नाही. "हळू चालवा, काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. खाचा सात मिलिमीटर असल्या तरी टायर बदला.

फसवा प्रकार एकच. साइडवॉलवर कधीकधी आत दबलेली उभी, अरुंद पन्हळ दिसते. बऱ्याचदा तो आतल्या कापडाच्या जोडाचा भाग असतो आणि धोक्याचा नसतो. फुगलेलं काहीही असेल तर मात्र तो टेंगूळच समजा.

चिरांबद्दल. केसासारख्या बारीक, वरवरच्या रेघा जुन्या रबरावर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने पडतात. नख अडकेल इतकी चीर असेल, खाचांच्या तळाशी चिरा असतील किंवा कापाच्या आत दोरे दिसत असतील तर टायर गेला.

पायरी ४: टायरचं वय वाचा

साइडवॉलवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. समजा २३१९ असं लिहिलं असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, तो टायर बनला. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला छापलेले असतात, त्यामुळे बाहेर सापडले नाहीत तर आतल्या बाजूला शोधा.

पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी वापरू नये, असं टायर कंपन्या सांगतात. काही कार कंपन्या सहा वर्षांचीच मर्यादा देतात. आपल्याकडे गाड्या वर्षभर उघड्यावर, उन्हात उभ्या असतात. विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. त्यामुळे मी सहा वर्षांनंतर त्या टायरवर लांबचा प्रवास करत नाही.

कमी चालणाऱ्या गाड्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. मुलं परदेशात, आई-बाबा पुण्यात किंवा डोंबिवलीत, आणि गाडी महिन्यातून दोनदा बाजारात आणि एकदा दवाखान्यात जाते. टायर नवेकोरे दिसतात आणि वर्षातून एकदा तीच गाडी तीनशे किलोमीटर दूर लग्नाला निघते. अशा घरी फोन करून ते चार आकडे विचारून घ्या. व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारून दाखवायला सांगा.

स्टेपनी

तिचंही वय असतं. डिकीत झाकून असल्याने ऊन लागत नाही, पण हवा उतरते आणि रबर म्हातारं होतंच. 'स्टेपनी' हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. तिथे १९०४ च्या सुमारास सुटं जादा चाक बनवायला सुरुवात झाली. तिकडे ते नाव मागे पडलं, आपण मात्र अजून वापरतो. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायची सोय आहे.

पंक्चर झालं की बदलायचा का?

खिळा जमिनीला टेकणाऱ्या मधल्या भागात असेल आणि भोक साधारण ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर दुरुस्ती चालते. बाहेरून चिकट स्ट्रिप घालणं ही तात्पुरती सोय. टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (दांडा भोकात बसणारा छत्रीसारखा पॅच) लावणं ही पक्की दुरुस्ती, आणि तेव्हाच आत काही इजा झाली आहे का हेही दिसतं. खांद्यावर किंवा साइडवॉलवर पंक्चर असेल तर टायर बदला. हवा पूर्ण गेलेली असताना किलोमीटर-दोन किलोमीटर गाडी रेटली असेल तर टायर उतरवून आतून बघायला सांगा. आतल्या बाजूला रबराचा काळा भुगा किंवा गोल घासल्याची पट्टी दिसली तर तो टायर पुन्हा चढवू नका.

हवा आणि उष्णता

टायर फुटण्याचं कारण म्हणून लोक "जास्त हवा" म्हणतात. बहुतेक वेळा कारण उलटं असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि सरळ होते. तार वाकवून वाकवून गरम होते तसंच रबरही तापतं. त्यात ताशी १०० च्या वर सलग तास-दीड तासाचा वेग आणि वर मेचं ऊन, मग थर सुटायला लागतात. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरच्या सिमेंटच्या रस्त्यावर कारला ताशी १२० ची मुभा आहे, आणि शहरात कधी न तापलेला जुना टायर तिथे पहिल्यांदाच असा तापतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे टायरची तपासणी सुरू करून गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या, ते योग्यच झालं.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालच्या, पुण्याहून मुंबईला येताना झालेल्या एका अपघाताच्या प्रकरणात टायर फुटणं ही 'देवाची करणी' नव्हे, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं म्हणून विमा कंपनीचा युक्तिवाद फेटाळला. मला तो निर्णय वाचून त्या पंपावरच्या तारा आठवल्या.

हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तोच पाळा, टायरवर छापलेला कमाल आकडा नाही. पंधरा दिवसांतून एकदा, गार टायरवर, स्टेपनीसकट मोजा. सकाळी ३२ भरलेली हवा प्रवासात ३६ दाखवेल. ते अपेक्षितच असतं, म्हणून घाबरून हवा काढू नका. नायट्रोजन भरलात तर हवा थोडी हळू उतरते, एवढाच फायदा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चालवताना कळणाऱ्या खुणा

ठरावीक वेगाला, साधारण ८० ते १०० दरम्यान, स्टेअरिंग थरथरतं तेव्हा बहुधा बॅलन्सिंग गेलेलं असतं. कमी वेगातही गाडी लंगडल्यासारखी डुलत असेल तर टेंगूळ शोधा. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर वेड्यावाकड्या झिजेची असू शकते, व्हील बेअरिंगचीही असू शकते. एकाच चाकातली हवा दर आठवड्याला कमी होत असेल तर पंक्चर, व्हॉल्व्ह आणि रिमची कड, तिन्ही तपासून घ्या.

बदलायचं ठरलं: किती आणि कुठे?

चारही एकदम बदलणं उत्तम, पण छोट्या गाडीलाही चार टायरचे वीस-पंचवीस हजार होतात. तेवढे एका वेळी नसतील तर एकाच अ‍ॅक्सलवरचे दोन, म्हणजे पुढची जोडी किंवा मागची जोडी, बदला. एका जोडीतले दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर मात्र चारांमध्ये फरक नको.

दोनच घेतलेत तर ते मागे टाका. दुकानदार बहुधा पुढे टाकायला सांगतो, कारण पुढचे टायर लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर वेग कमी करताच गाडी बहुधा पुन्हा वळू लागते. मागची सरकली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हाताबाहेरचं असतं. चांगली पकड मागे हवी. म्हणून जुन्यातले त्यातल्या त्यात बरे असलेले दोन पुढे घ्या आणि नवे मागे.

साइज साइडवॉलवर असते. १८५/६५ आर१५ ८८ एच म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, रिम १५ इंची, '८८' म्हणजे एका टायरची वजन पेलायची क्षमता ५६० किलो आणि 'एच' म्हणजे वेगाची मर्यादा ताशी २१०. गाडीच्या कंपनीने दिलेल्या वजनाच्या आणि वेगाच्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. आयएसआयची खूण बघा, आणि दुकानात टायर चढवायच्या आधी ते चार आकडे वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. रस्त्याकडेला 'चांगल्या कंडिशनचे' म्हणून विकले जाणारे जुने टायर घेऊ नका. काहींच्या गुळगुळीत रबरात पात्याने नव्या खाचा कोरलेल्या असतात. खाचेचा तळ सुरीने कापल्यासारखा चकचकीत दिसला, आणि खाचेत कुठेच तो आडवा उंचवटा लागला नाही, तर तो तसला टायर समजा.

बसवायच्या दिवशी

दुकानात चहा घेत आत बसू नका, चाकाजवळ उभे राहा. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह नवा टाकायला सांगा, त्याला फार पैसे पडत नाहीत. टायरवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते बघा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून अलाइनमेंटचा छापील कागद घ्या. नट समोरासमोरच्या जोडीने आवळले जातात ना, तेही बघा. नुसत्या एअर गनने करकचून आवळलेले नट रस्त्यात स्टेपनी लावताना गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत.

नवे टायर पहिले दोनेकशे किलोमीटर जरा जपून चालवा. साच्यातून सहज निघावं म्हणून लावलेल्या पदार्थाचा पातळ थर पृष्ठभागावर असतो, तो घासून जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. नवे टायर टाकून त्याच संध्याकाळी घाटात निघायचा बेत म्हणूनच टाळावा. शंभरेक किलोमीटरनंतर पान्याने नट एकदा तपासा. आणि अलाइनमेंटच्या कागदाच्या मागे तारीख, मीटरचा आकडा आणि चारही टायरचे ते चार आकडे लिहून कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. माझ्या गाडीत त्या कागदावर आता पाच नोंदी आहेत. शेवटची मे महिन्याची आहे: पुढचा डावा, आतली खाच, ५ मिलिमीटर.